जमिनीखालच्या पाण्याचा ताळेबंद

महाराष्ट्राचा सुमारे 80 टक्के भूभाग बेसाल्टने, म्हणजे काळ्या पाषाणाने व्यापलेला आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास लाव्हारसाचे थर एकावर एक साचत गेले आणि हा खडक तयार झाला. गंगेच्या खोऱ्यात गाळाच्या जमिनीत खूप खोलपर्यंत वाळूत पाणी साठते. बेसाल्टच्या अंगात तशी जागा नसते. वरचा मुरूम, त्याखालच्या भेगा, खडकाचे सांधे आणि काही ठिकाणचा सच्छिद्र मांजऱ्या, एवढ्यातच काय ते पाणी राहते. पावसाळ्यानंतर काठोकाठ भरलेली विहीर मार्चपर्यंत तळ गाठते, त्याचे मूळ कारण हे आहे. साठा उथळ आणि लहान असल्यामुळे एका पावसाळ्यात तो भरतो आणि एका हंगामात संपवताही येतो.

या मर्यादेत शेकडो वर्षे शेती झाली, कारण मोटेने उपसून उपसणार किती? विजेचे पंप आले आणि ही मर्यादा मोडली. 1972च्या दुष्काळानंतर खडक फोडून खोल जाणारी बोअरची यंत्रे गावोगाव फिरू लागली. आज जगात सर्वाधिक भूजल भारतात उपसले जाते. जगाच्या एकूण उपशाचा जवळपास चौथा हिस्सा. बोअरला खाली नवे पाणी लागते हा समज मात्र चुकीचा आहे. खोल भेगांत सापडणारे पाणीही वरून झिरपलेलेच असते आणि तिथे त्याचे पुनर्भरण फार सावकाश होते. अनेकदा बोअर वरच्या थरातले पाणी ओढते आणि शेजारची जुनी विहीर आटते. मग शेजारीही बोअर मारतो. 1882च्या सुविधाधिकार कायद्याने जमीनमालकाला त्याच्या जमिनीखालचे पाणी काढण्याची मुभा दिली. पण पाणी बांध ओळखत नाही. ज्याच्याकडे खोल जाण्याइतका पैसा आहे, तो सगळ्यांचे पाणी काढतो आणि कायदा त्याला ते स्वतःचे समजू देतो.

यावर उपाय म्हणून पाणी अडवण्याची कामे भरपूर झाली. डोंगरमाथ्यावर सलग समतल चर, उतारावर बांधबंदिस्ती, ओढ्यावर नालाबांध, त्याखाली पाझर तलाव असे माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम झाले, तर धावणारे पाणी थांबते आणि मुरते. ही कामे हवीतच. परंतु मुरलेले पाणी कोण, किती आणि कशासाठी उपसणार हे ठरले नाही, तर विहिरींची पातळी वाढताच नवे पंप बसतात, ऊस वाढतो आणि दोन-तीन वर्षांत गाव पुन्हा टँकरवर येते.

म्हणून हिशेब हवा, आणि तो अवघड नाही. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की 10 हजार लिटर पाणी मिळते. 1000 हेक्टरच्या गावशिवारात 400 मिलिमीटर पाऊस झाला, तर ते 400 कोटी लिटर होते. त्यातले बरेचसे वाफ होऊन जाते, काही ओढ्याने वाहून जाते, काही मातीत ओल म्हणून राहते; उरलेला थोडा भाग विहिरींच्या वाट्याला येतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव दरवर्षी हा ताळेबंद ग्रामसभेत मांडते. 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर तेथे पाणलोटाची कामे, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी झाली. मात्र गाव टिकले ते पुढच्या निर्णयांमुळे. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही, आधी माणसे आणि जनावरे, मग पिके, आणि पाऊस कमी झाला की रब्बीचे क्षेत्र कमी करायचे, हे गावाने ठरवले.

पुरंदर तालुक्यातील नायगावला विलासराव साळुंखे यांनी 1972च्या दुष्काळानंतर सुरू केलेली पाणी पंचायत याहून पुढे गेली. तेथे पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, तर घरातील माणसांवर ठरला: माणशी अर्धा एकर भिजेल इतका आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही हक्क मिळाला आणि ऊस वर्ज्य झाला. न्यायाच्या दृष्टीने एवढा स्पष्ट नियम राज्यात दुसरा क्वचितच सापडेल. खानदेशात पांझरा नदीवरची फड पद्धतही अशीच. बंधाऱ्याखालच्या एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, पाणी पाटकऱ्याने द्यायचे आणि पाणी कमी असेल त्या वर्षी भिजणारे फडच कमी करायचे.

या अनुभवाच्या नेमके उलट आज अनेक ठिकाणी घडते आहे. शेततळे हे पावसाचे वाहते पाणी धरण्यासाठी. कित्येक शेततळ्यांना प्लास्टिकचे अस्तर लावून ती विहिरी-बोअरच्या पाण्याने भरली जातात. जमिनीखाली सुरक्षित असलेले आणि सर्वांचे असलेले पाणी अशा रीतीने एकाच्या ताब्यात उन्हात येते आणि त्यातले पुष्कळसे वाफ होऊन उडून जाते.

कायदा नाही असे नाही. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, 2009 हा 60 मीटरपेक्षा खोल विहिरींना शेती व उद्योगासाठी मनाई करतो. 2019 साली जाहीर झालेल्या केंद्राच्या अटल भूजल योजनेत ग्रामपंचायतीने पाण्याचा ताळेबंद करणे अपेक्षित होते. पण रात्री गावात आलेली बोअरची गाडी तालुक्याच्या कचेरीतून दिसत नाही. ती गावालाच थांबवावी लागते. त्यासाठी प्रत्येक गावात एक पर्जन्यमापक हवा, ठरलेल्या विहिरींच्या पातळीची नोंद हवी आणि ऑक्टोबरमध्ये, रब्बीची पेरणी होण्याआधी, ते आकडे ग्रामसभेपुढे यायला हवेत. आपल्या गावात तसे होत नसेल, तर येत्या ग्रामसभेत ही मागणी लेखी द्यावी.