अठरा वर्षांनंतरचे घर
प्रौढ बौद्धिक दिव्यांगांच्या निवासी संगोपनाची मानके

मुंबईच्या पूर्व उपनगरांत विक्रोळी ही कामगारांची वस्ती म्हणून सर्वश्रुत आहे. कोकणातून, देशावरून, मराठवाड्यातून आलेल्या कुटुंबांनी गृहनिर्माण मंडळाच्या कन्नमवार नगर व टागोर नगर या वसाहतींत लहान लहान गाळ्यांमध्ये संसार मांडले, कारखान्यांत हयात घालविली आणि मुलांना शिकविले. ती पिढी आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे. तिच्यातील काही घरांत मात्र एक मूल मोठे झालेच नाही, म्हणजे वयाने झाले, पण त्याची आंघोळ, जेवण, औषधाची वेळ हे सारे आजही आईच्याच हाती आहे. मुलगा पंचेचाळीस वर्षांचा आणि आई पंचाहत्तर वर्षांची, अशा घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात एकच प्रश्न असतो: आमच्यामागे याचे काय?

हा प्रश्न एका कुटुंबाचा दिसत असला तरी त्याचे उत्तर एकट्या कुटुंबाला देता येत नाही. ते समाजाने, कायद्याने आणि प्रशासनाने मिळून द्यावयाचे आहे. त्यासाठी चांगले निवासगृह कशास म्हणावे, ते कोणी व कसे तपासावे, याची माहिती अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य या तिघांनाही असणे अगत्याचे आहे.

आयुष्य वाढले, व्यवस्था अपुरी पडली

पूर्वी ज्यांना 'मतिमंद' म्हटले जाई, त्यांच्यासाठी २०१६ च्या कायद्याने बौद्धिक दिव्यांग ही संज्ञा स्वीकारली आहे. २०११ च्या जनगणनेत देशात अशा व्यक्तींची नोंद १५ लाखांहून अधिक झाली. त्यांच्यासाठी आपल्याकडे जे काही उभे राहिले, ते प्रामुख्याने मुलांसाठी उभे राहिले. विक्रोळीपासून हाकेच्या अंतरावरील मानखुर्द येथे चिल्ड्रन्स एड सोसायटीने १९४१ मध्ये अशा मुलांसाठी निवासगृह सुरू केले; १९४४ मध्ये मुंबईत श्रीमती जय वकील यांची शाळा सुरू झाली. पुढे राज्यभर विशेष शाळा व त्यांना जोडलेली वसतिगृहे निघाली. हे कार्य मोलाचे होते. तथापि, त्यामागे एक गृहीत होते, ते असे की ही मुले फार काळ जगणार नाहीत, किंवा मोठी झाल्यावर घरचे त्यांना सांभाळतील.

दोन्ही गृहीते आता टिकत नाहीत. डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींचे उदाहरण बोलके आहे. अमेरिकेत १९८३ च्या सुमारास त्यांचे सरासरी आयुर्मान २५ वर्षांच्या आसपास होते. हृदयदोषांवरील शस्त्रक्रिया, प्रतिजैविके आणि घरातील संगोपन यांमुळे ते आज ६० वर्षांच्या आसपास पोहोचले आहे. दुसरीकडे एकत्र कुटुंब विरळ झाले, भावंडे कामानिमित्त दूर गेली. परिणामी आईवडिलांच्या पश्चात दोन-तीन दशके जगणारी पिढी प्रथमच आपल्यासमोर आहे. शाळा मात्र वयाच्या अठराव्या वर्षी संपते. बालकांच्या संरक्षणाचा कायदाही तेथेच थांबतो.

अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी हीच उणीव आपल्या कार्यातून पुढे मांडली. बेवारस व दिव्यांग मुलांना त्यांनी स्वतःचे नाव दिले आणि अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून कोणालाही बाहेर काढले नाही. अशा मुलांना आजन्म निवासाचा हक्क देणारा कायदा व्हावा, ही त्यांची मागणी अनेक वर्षांची आहे. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. गौरव झाला तरी मागणीमागचा प्रश्न प्रत्येक जिल्ह्यात शिल्लक आहे. काही ठिकाणी पालकांनीच पुढाकार घेतला. बदलापूर येथील 'आधार' ही संस्था अशा पालकांच्या संघटनेतून उभी राहिली असून तेथे प्रौढ व्यक्ती राहतात.

दोन कटू धडे

निवासगृह असणे पुरेसे नाही, हे महाराष्ट्राने मोठी किंमत देऊन अनुभवले आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूर येथील मुलींच्या शासकीय वसतिगृहातील काही जणींवर पुण्यात गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया करण्यात आल्या. मासिक पाळीच्या काळातील स्वच्छता राखणे कठीण जाते, असे कारण त्यासाठी देण्यात आले होते. महिला संघटनांनी व नागरिकांनी तीव्र विरोध केल्यानंतर त्या थांबल्या. यातून मिळणारा धडा असा की, संस्थेची सोय आणि निवासी व्यक्तीचे हित या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि देखरेख नसली की पहिली गोष्ट दुसरीचे नाव धारण करते.

दुसरा धडा २०१० व २०११ मधील. शहापूर तालुक्यातील कवडास येथील वसतिगृहात मुलांचे कुपोषणाने मृत्यू झाल्याच्या वृत्ताची मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्वतःहून दखल घेतली. पुढील वर्षी पनवेलजवळील कळंबोली येथील एका निवासी संस्थेतील अत्याचार उजेडात आले. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने त्या प्रकरणी आरोपींना दोषी ठरविले. अशा घटना दीर्घकाळ झाकल्या जातात, याचे कारण उघड आहे. ज्यांच्यावर अन्याय होतो त्यांतील अनेकांना तो सांगता येत नाही. म्हणून या क्षेत्रात तक्रारीची वाट पाहणारी तपासणी निरुपयोगी ठरते.

कायद्याची चौकट

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. त्यानुसार नोंदणी प्रमाणपत्राशिवाय कोणालाही दिव्यांगांसाठी संस्था चालविता येत नाही. शासनाने विहित केलेल्या सुविधा व मानके पूर्ण करण्याची क्षमता असल्याशिवाय प्रमाणपत्र देता येत नाही, आणि ते संस्थेत ठळक जागी लावलेले असले पाहिजे. प्रमाणपत्र रद्द झाल्यास निवासी व्यक्तींना पालकांकडे किंवा दुसऱ्या संस्थेत हलविण्याचे निर्देश शासन देऊ शकते. येथे एक बाब विशेष ध्यानात घ्यावयाची आहे. शासनाच्या स्वतःच्या संस्थांना नोंदणीच्या या तरतुदी लागू नाहीत. म्हणूनच त्यांच्या प्रमुखांवर मानके पाळण्याची नैतिक जबाबदारी अधिक आहे.

याच कायद्यानुसार, दिव्यांग व्यक्तीवर अत्याचार होत असल्याचे सकारण वाटल्यास कोणीही नागरिक कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना माहिती देऊ शकतो. आपल्या ताब्यातील दिव्यांग व्यक्तीस जाणूनबुजून अन्न किंवा पाणी नाकारणे हा सहा महिने ते पाच वर्षे कारावासाचा गुन्हा आहे. समाजात राहण्याचा हक्क हाही याच कायद्याने मान्य केला आहे. सबब, निवासगृह हा अखेरचा पर्याय असावा, आणि तेथेही व्यक्ती समाजापासून तुटता कामा नये.

याखेरीज १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेला राष्ट्रीय न्यास प्रौढांसाठी 'घरौंदा' ही निवासाची योजना व 'निरामय' ही वार्षिक एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना राबवितो. महाराष्ट्राने २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग निर्माण केला.

चांगले निवासगृह कसे ओळखावे

स्वीडनमधील बेंगट निर्ये यांनी १९६९ मध्ये एक साधी कसोटी मांडली. दिवसाची, आठवड्याची आणि वर्षाची जी लय इतर माणसांच्या आयुष्यात असते, ती या व्यक्तींच्याही आयुष्यात असावी. सकाळी उठून कपडे करणे, कामासाठी राहत्या जागेबाहेर पडणे, सुटीचा दिवस वेगळा असणे, सण साजरा होणे, ही ती लय होय. संपूर्ण दिवस एकाच दालनात भिंतीला टेकून बसलेली माणसे दिसली, तर फरशी कितीही स्वच्छ असली तरी ते निवासगृह कसोटीस उतरत नाही.

तपासणी करणाऱ्याने पुढील बाबी प्रत्यक्ष पाहाव्यात.

पहिली बाब अन्न व वजन. प्रत्येकाचे वजन दरमहा नोंदविलेले असावे. वजन घटत गेल्याची नोंद हा धोक्याचा सर्वांत आधी मिळणारा इशारा होय. कवडाससारख्या घटना अशा नोंदवहीतून वेळीच दिसू शकतात. भेट शक्यतो जेवणाच्या वेळी, पूर्वसूचना न देता द्यावी.

दुसरी बाब आरोग्य. दुखते कोठे हे ज्याला सांगता येत नाही, तो डोके आपटतो, ओरडतो किंवा जेवण सोडतो. अशा वेळी 'स्वभाव' म्हणून शांत करणाऱ्या गोळ्या देण्याआधी दात, कान, पोट यांची तपासणी झाली पाहिजे. अपस्माराची औषधे एक दिवसही चुकता कामा नयेत. डाउन सिंड्रोम असलेल्यांची थायरॉइड, दृष्टी व श्रवण यांची नियमित तपासणी व्हावी. त्यांच्यात स्मृतिभ्रंश लवकर सुरू होतो, हेही सेवकांना ठाऊक असावे.

तिसरी बाब मनुष्यबळ. दिवसाची हजेरी पाहून समाधान मानू नये. रात्री किती सेवक जागे असतात, हे विचारावे. स्त्रियांच्या दालनात स्त्री सेविकाच असाव्यात. पाळीच्या दिवसांतील स्वच्छता ही चित्रांच्या व सरावाच्या साहाय्याने बहुतेकींना शिकविता येते. ते शिकविण्याचे काम संस्थेचे आहे.

चौथी बाब मान व खासगीपण. स्वतःचा पलंग, स्वतःचे कुलूप लागणारे कपाट, स्वतःचे कपडे आणि आडोशाची आंघोळ या गोष्टी चैनीच्या नाहीत. गठ्ठ्यातून हाती येईल तो सदरा घालणाऱ्या माणसाचे माणूसपण हळूहळू पुसले जाते. बांधून ठेवणे, कोंडणे, शिक्षा म्हणून उपाशी ठेवणे यांना कोणत्याही सबबीवर स्थान नसावे.

पाचवी बाब पैसा. निवृत्तिवेतन किंवा अनुदान व्यक्तीच्या स्वतःच्या खात्यात जमा व्हावे व त्याचा हिशेब पालकास मिळावा. सहावी बाब दारे उघडी असणे. नातेवाइकांना ठरावीक दिवसाखेरीजही येता यावे, आणि मृत्यू, अपघात, स्थलांतर यांच्या नोंदवह्या मागताक्षणी दाखविल्या जाव्यात.

विक्रोळीच्या कुटुंबाने आज काय करावे

निवासगृहाचा विचार आईवडिलांच्या मृत्यूनंतर सुरू झाला, तर निवडीला वाव राहत नाही. म्हणून काही कामे हयातीतच उरकावीत. मुलगा अठरा वर्षांचा झाला की आईवडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत, हे अनेकांना ठाऊक नसते. राष्ट्रीय न्यास कायद्याखालील स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. मुंबई उपनगर जिल्ह्याचे जिल्हाधिकारी कार्यालय वांद्रे पूर्व येथे आहे. नियुक्त पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी व दर आर्थिक वर्षानंतर तीन महिन्यांत हिशेब सादर करावा लागतो.

कन्नमवार नगरात जुन्या इमारतींचा पुनर्विकास चालू आहे. नव्या सदनिकेच्या कागदपत्रांत आणि मृत्युपत्रात या मुलाच्या हक्काची तरतूद स्पष्ट शब्दांत असावी. कारखान्यात नोकरी केलेल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत कायमस्वरूपी पूर्ण दिव्यांग असलेल्या अपत्यास वयाची अट न ठेवता निवृत्तिवेतन मिळण्याची तरतूद आहे. मुलाच्या दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र त्यासाठी वेळीच काढून ठेवावे. जागा निवडल्यावर एकदम सोडून येऊ नये. प्रथम काही दिवस, मग काही आठवडे, अशी सवय लावावी. आईला काय आवडते, कोणत्या आवाजाला तो घाबरतो, कोणते गाणे लावले की शांत होतो, हे एका वहीत लिहून त्याच्यासोबत द्यावे. ही वही कोणत्याही वैद्यकीय कागदाइतकीच महत्त्वाची आहे.

गावाचाही वाटा

शहरात जागा महाग. त्यामुळे मुंबईकरांची ही मुले बहुधा बदलापूर, कर्जत, शहापूर, पनवेल या परिसरातील गावांच्या हद्दीत राहावयास जातात. विक्रोळीच्या मुलाचा अखेरचा शेजारी असा एखाद्या ग्रामपंचायतीचा सदस्य असतो. त्याने ते निवासगृह आपल्या गावचे मानावे. तेथील व्यक्तींची नावे मतदार यादीत आली का, प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर तेथे जातात का, उन्हाळ्यात पाणी पुरते का, हे पाहावे. स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नातून दिव्यांगांसाठी राखून ठेवावयाचा पाच टक्के निधी तेथवर पोहोचतो का, याचीही चौकशी करावी. शिक्षकांनी शाळेची मुले सणाला तेथे न्यावीत आणि तेथील माणसांना शाळेच्या कार्यक्रमास बोलवावे. ज्या दारातून गावाची ये-जा असते, त्या दारामागे अन्याय फार दिवस लपत नाही.

अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्राची मुदत व अटी तपासाव्यात, हे कर्तव्यच आहे. परंतु तपासून निघताना एका निवासी व्यक्तीजवळ दोन मिनिटे बसावे. त्याला शब्द नसतील. तरी त्याची कापलेली नखे, अंगावरचा मापाचा सदरा आणि सेवक जवळ येताच त्याच्या चेहऱ्यावर उमटणारा भाव बरेच काही सांगतो. तो दचकतो की हसतो, यावरून विक्रोळीतील त्या वृद्ध आईच्या प्रश्नाला आपण काय उत्तर दिले, ते कळेल.