कवटीवरच्या सहा खुणा

शस्त्रक्रियेतल्या नॅव्हिगेशनच्या संशोधनासाठी सॉफ्टवेअर इंजिनिअर हवा, अशी जाहिरात रायपुरात दिली की अर्ज येतात ते भिलाई, दुर्ग, बिलासपूरचे. शहरात एनआयटी आहे, २०१२ पासून एम्सही आहे. तरी बहुतेकांच्या गाठीशी वेबसाइट आणि मोबाइल ॲपचाच अनुभव असतो. सीटी स्कॅनची फाइल कुणी उघडलेली नसते. ते शिकवता येतं. पगार बंगळुरूइतका देता येणार नाही, हे आम्ही जाहिरातीतच लिहितो.

मुलाखतीत कोडी घालत नाही. टेबलावर प्लास्टिकची कवटी ठेवतो. तिच्यावर सहा खुणा चिकटवलेल्या, सीटी आधीच काढलेला. समोर इन्फ्रारेड कॅमेरा. पॉइंटरवरचे परावर्तक गोळे पाहून तो टोकाची जागा सांगतो. उमेदवाराने सहाही खुणांना टोक लावायचं, स्कॅनमध्ये त्याच खुणा शोधायच्या आणि दोन्ही संच जुळवणारा प्रोग्रॅम लिहायचा. यामागचं गणित १९८७ सालीच छापून आलंय आणि पडद्यावर दाखवायला थ्रीडी स्लायसर फुकट मिळतं. तासाभरात बहुतेकांचा आकडा येतो: खुणांपाशी सरासरी चूक एक मिलिमीटरहून कमी. आकडा आला की बरेच जण लॅपटॉप मिटतात.

खरी परीक्षा तिथून पुढे. सीटीच्या डायकॉम फाइलमध्ये एक्स अक्ष रुग्णाच्या डावीकडे वाढतो आणि वाय पाठीकडे. स्लायसरमध्ये उजवीकडे आणि पुढे. चिन्हं बदलायची राहिली तरी जुळणीचा आकडा बिघडत नाही, कारण दोन्ही अक्ष उलटणं म्हणजे अख्खं डोकं अर्ध्या फेऱ्याने फिरवणं. खुणांमधली अंतरं तीच राहतात. चूक दिसत नाही आणि म्हणूनच ती मला सर्वांत भयंकर वाटते.

राजनांदगावच्या एका मुलीचाही आकडा असाच चांगला आला होता. तिने विचारलं, "सर, कानाला टोक लावून बघू?" टोक उजव्या कानाच्या छिद्रात आणि पडद्यावर डाव्या. तिने स्वतःच चिन्हं शोधून काढली. दुसऱ्या एका उमेदवाराचा कोड तिच्यापेक्षा कितीतरी नीटनेटका होता आणि माझ्या सहकाऱ्याला तोच हवा होता. मी मुलीसाठी अडून बसलो. नीटनेटका कोड सहा महिन्यांत अंगवळणी पडतो. आपल्याच उत्तरावर संशय घेण्याची सवय लावायला मला तरी जमलेलं नाही.

खुणांपाशी चूक कमी म्हणून डोक्याच्या आतल्या गाठीपाशीही कमीच, असं नसतं. फिट्झपॅट्रिक आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये सूत्रासह दाखवलं की गाठीपाशीची चूक खुणा कुठे आणि कशा पसरल्या आहेत त्यावर ठरते. रुजू झाल्यावर त्या मुलीने कवटीच्या आत, तळाशी, धातूचा एक मणी बसवला. जुळणीत तो घ्यायचा नाही, फक्त तपासायला. खुणा कपाळावरच दाटीने लावल्या की मण्यापाशी चूक वाढते. डोक्याभोवती पसरल्या की उतरते. आता कोडमध्ये कुणीही बदल केला की साठवलेल्या नोंदींवर ही चाचणी आपोआप चालते. मण्यापाशी दोन मिलिमीटरपेक्षा जास्त चूक आली, तर बदल परत जातो, माझा असला तरी.