कुत्रं वाफा का उकरतं?

परसबागेतली मेथी दोन पानांवर आलेली असते आणि सकाळी बघावं तर वाफ्याच्या मधोमध खड्डा! बी गेलं, घातलेलं पाणी गेलं, घरची भाजी गेली. मग कुत्र्याला काठी बसते, नाहीतर दिवसभर साखळी. आमच्या गटाच्या बैठकीतही ही तक्रार नेहमी निघते. म्हणून आज एवढंच सांगतो, की कुत्रं आपल्याला छळायला उकरत नाही. त्यामागे काहीतरी कारण असतं. ते ओळखलं तर वाफाही वाचतो आणि घराचा राखणदारही.

पहिलं कारण ऊन. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकतच ते अंग थंड करतं. एप्रिल-मेच्या उन्हात पाणी दिलेला वाफा ही त्याला सगळ्यात गार जागा. खड्डा पसरट, अंगाएवढा आणि दुपारी झालेला असेल तर हेच कारण समजा. झाडाच्या सावलीत 3 फूट लांब-रुंद जागा त्याला करून द्या. तिथली माती भुसभुशीत करा, थोडी वाळू टाका आणि दुपारी तांब्याभर पाणी शिंपडा. शेजारी प्यायचं पाणी ठेवा.

दुसरं कारण वास. हाडांचं खत, सुकटीचा भुगा, मासळीची घाण किंवा अर्धवट कुजलेलं खरकटं मातीत घातलं की कुत्रं ते हुडकणारच. खत पूर्ण कुजल्यावरच वाफ्यात घाला. एरंडीच्या पेंडीला तर फार जपा. ती कुत्र्याच्या पोटात गेली तर उलट्या, रक्ताची हगवण होते, जीवही जातो. कुत्रं मोकळं असेल त्या बागेत ती वापरूच नका.

तिसरं कारण घूस आणि उंदीर. खड्डा बांधाच्या कडेला, अरुंद आणि खोल असेल, कुत्रं आत नाक खुपसून हुंगत असेल, तर ते आपलंच काम करतंय. बीळ दगडमातीने ठेचून बुजवा, पिंजरा लावा. उंदराचं औषध मात्र बागेत टाकू नका. औषधाने मेलेली घूस कुत्र्याने खाल्ली तर त्यालाही विषबाधा होते.

चौथं कारण कंटाळा. तरणं कुत्रं दिवसभर बांधून ठेवलं की सुटल्यावर माती उडवणारच. शेतावर जाताना त्याला बरोबर न्या. सावलीतल्या त्या जागेत भाकरीचा तुकडा पुरून ठेवा. वाफ्यात पाय घातला की हाक मारून तिकडे न्या आणि तिथे उकरलं की पाठ थोपटा. थोड्या दिवसांत त्याला आपली जागा कळते.

कुत्री गाभण असेल तर तिची गोष्ट वेगळी. साधारण 63 दिवसांनी ती विते, आणि त्याआधी पिल्लांसाठी जागा उकरते. तिला आडोशाला जुनं पोतं अंथरून द्या.

तोवर वाफा राखायचा कसा? बी टाकल्यावर वर तुराट्या आडव्या-उभ्या पसरा. फटीतून रोप वर येतं, पण कुत्र्याला पाय घालायला जागा मिळत नाही. रोपं धरली की तुराट्या काढा.

आता काय करू नये तेही ऐका. खड्डा सकाळी दिसला म्हणून दुपारी मारलं तर मार कशाचा, हे त्याला कळत नाही. ते भेदरतं, आणि भेदरलेलं कुत्रं चावतं. मिरचीची पूड, फिनेल, डांबरगोळ्या टाकू नका. रागाच्या भरात विष घातलेली भाकरी टाकणारेही असतात. ती भाकरी कोंबडी टिपते, रांगतं पोर उचलतं. शिवाय असं जनावर मारणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याने गुन्हा आहे. कुणी तसं बोलत असेल तर बायकांनीच त्याला अडवावं.

या आठवड्यात एवढंच करा. खड्डा बुजवायच्या आधी दोन मिनिटं थांबून बघा. कुठे आहे, किती खोल आहे, कोणत्या वेळी झाला? मग ठरवा, त्याला सावली हवी, सोबत हवी की बांधावरची घूस. आणि काय दिसलं ते गटाच्या पुढच्या बैठकीत सगळ्यांना सांगा.