'रिअ‍ॅलिटी शो'चा निकाल नेमका कुठे लागतो?

अंतिम फेरी संपते, विजेत्यावर रंगीत कागदांची उधळण होते आणि दुसऱ्या दिवशी लोकलच्या डब्यात एकच वाक्य ऐकू येते : 'सगळं आधीच ठरलेलं असतं हो!' २००५ मध्ये मुंबईचा अभिजीत सावंत 'इंडियन आयडॉल'चा पहिला विजेता ठरला, तेव्हा कौल एसएमएसने दिला जात होता. २०२४ मध्ये तोच अभिजीत 'बिग बॉस मराठी'त सूरज चव्हाणच्या पाठोपाठ उपविजेता ठरला, तोवर मतदान मोबाइलच्या अ‍ॅपवर गेले होते. साधन बदलले, प्रेक्षकाच्या मनातला संशय मात्र जिथल्या तिथे आहे.

हा संशय न्यायालयात सिद्ध झाल्याची उदाहरणे थोडी आहेत. त्यातील सर्वांत ठळक दक्षिण कोरियातले. 'एमनेट' या वाहिनीच्या 'प्रोड्यूस' मालिकेत गायन-नृत्याचे वर्षानुवर्षे शिक्षण घेणारी तरुण मुले-मुली उतरत आणि प्रेक्षकांच्या मतांवर निवडलेल्यांचा संगीतसमूह तयार होई. 'प्रोड्यूस एक्स १०१' या चौथ्या पर्वाची अंतिम फेरी १९ जुलै २०१९ रोजी झाली. त्यासाठी एसएमएसने मत द्यायला पैसे मोजावे लागत. निकाल लागल्यावर प्रेक्षकांनी मतांचे आकडे समोर ठेवून वजाबाकी केली. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकात फरक निघाला २९,९७८ मतांचा. तिसऱ्या आणि चौथ्यातही नेमका तेवढाच. सहाव्या-सातव्यात, सातव्या-आठव्यात, दहाव्या-अकराव्यातही तोच! लाखो माणसांनी स्वतंत्रपणे दिलेल्या मतांत असा योगायोग संभवत नाही, हे सांगायला गणितज्ञ लागत नाही.

चाहत्यांनी तक्रार केली, पोलीस तपास झाला आणि आकडे बनावट असल्याचे उघड झाले. चारही पर्वांत ढवळाढवळ झाली होती. मुख्य दिग्दर्शक आन जून-यंग याला मे २०२० मध्ये दोन वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. 'एक्स१' हा विजयी समूह जानेवारी २०२० मध्येच विसर्जित झाला होता. नोव्हेंबर २०२० मध्ये अपील न्यायालयाने, ज्यांची मते फिरवली गेली अशा बारा स्पर्धकांची नावे जाहीर केली. हरलो ते आपल्या उणिवेने नव्हे, हे त्यांना न्यायालयाकडून कळले. तोपर्यंत त्यांच्या उमेदीची वर्षे मागे पडली होती.

अमेरिकेत हा धडा फार आधी गिरवला गेला. १९५६ साली 'एनबीसी'वर सुरू झालेल्या 'ट्वेंटी-वन' या प्रश्नमंजूषेचा पहिला भाग प्रामाणिकपणे खेळवला गेला आणि तो इतका रटाळ झाला की प्रायोजक संतापला. त्यानंतर निर्माता डॅन एनराइटने स्पर्धकांना उत्तरे पढवायला सुरुवात केली. हर्बर्ट स्टेम्पल या विजेत्याची लोकप्रियता ओसरू लागताच त्याला हरायला सांगण्यात आले, तेही ठाऊक असलेल्या उत्तराला चुकवून. १९५५ सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर 'मार्टी'ला मिळाल्याचे तो जाणून होता; त्याने 'ऑन द वॉटरफ्रंट' असे सांगितले. त्याच्या जागी आलेला कोलंबिया विद्यापीठातला देखणा अध्यापक चार्ल्स व्हॅन डोरेन देशाचा लाडका झाला आणि नोव्हेंबर १९५९ मध्ये काँग्रेसच्या समितीपुढे त्याने सारे कबूल केले. पुढच्याच वर्षी अशा स्पर्धांचा निकाल गुप्तपणे आधी ठरवणे हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा ठरला. मात्र त्या कलमात ज्ञान, बौद्धिक कौशल्य आणि नशीब यांच्या स्पर्धांचाच उल्लेख आहे. गाण्याची, सौंदर्याची किंवा एका घरात नांदण्याची स्पर्धा त्यात बसते का, यावर वाद घालायला वकिलांना भरपूर वाव आहे.

ब्रिटनमध्ये २००८ साली 'ऑफकॉम' या नियामकाने 'आयटीव्ही'ला ५६ लाख ७५ हजार पौंडांचा विक्रमी दंड ठोठावला. एका कार्यक्रमात स्पर्धकाने कोणते गाणे गावे याबद्दल पैसे खर्चून दिलेला प्रेक्षकांचा कौल निर्मितीचमूने डावलला होता. दुसऱ्यात फोन करणाऱ्यांची निवड सोडतीने न होता कोण किती उत्साहाने बोलतो यावर होत होती.

या तिन्ही प्रकरणांत गुन्हा एकाच जागी घडला : प्रेक्षकाला जे सांगितले ते आणि पडद्यामागे केले ते वेगळे होते. पण निकालावर प्रभाव टाकण्यासाठी इतके धाडस करण्याची निर्मात्याला सहसा गरजच नसते. दिवसभराच्या चित्रीकरणातून तासाभराचा भाग निघतो. कोणाचे अश्रू ठेवायचे आणि कोणाचा विनोद कापायचा, हे संकलनाच्या टेबलावर ठरते. कोणाची गरिबी, कोणाची आजारी आई दाखवायची हेही तिथेच. घरात कोणते 'टास्क' कोणत्या आठवड्यात द्यायचे, तेही निर्मातेच ठरवतात. प्रेक्षक मत स्वतःच देतो. मात्र कोणाला पाहून द्यायचे, याची निवड त्याच्यासाठी आधीच झालेली असते. यात बेकायदा काही नाही आणि ते फारसे गुप्तही नाही. अमेरिकेतील 'प्रोजेक्ट रनवे'च्या श्रेयनामावलीत तर परीक्षकांनी निर्मात्यांशी सल्लामसलत करून निर्णय घेतल्याचे स्पष्ट नमूद असे. ती बारीक अक्षरे वाचतो कोण, हा भाग वेगळा.

आपल्याकडेही झाकलेली मूठ कधीमधी उघडते. मे २०२१ मध्ये 'इंडियन आयडॉल'च्या किशोर कुमार विशेष भागाला पाहुणे म्हणून गेलेल्या अमित कुमार यांनी, सर्व स्पर्धकांची स्तुती करण्यास आपल्याला सांगण्यात आले होते, असे नंतर जाहीरपणे सांगितले. अर्थात प्रत्येक अनपेक्षित निकालामागे निर्माता असतो असे मानणेही भाबडेपणाचे. २००७ मध्ये कोलकाता पोलीस दलातील प्रशांत तमांग 'इंडियन आयडॉल' जिंकला, तो दार्जिलिंगच्या गोरखा चाहत्यांनी उभारलेल्या एसएमएसच्या मोहिमेमुळे. एका व्यक्तीला अनेक मते देता येत असतील, तर जिद्दी आणि संघटित समूह सुरांवर मात करू शकतो, एवढेच त्यातून दिसले.

भारतात अशा स्पर्धांच्या निकालासाठी अमेरिकेसारखे स्वतंत्र कलम नाही. फसवणूक सिद्ध झाली, तर भारतीय न्याय संहितेच्या ३१८व्या कलमाचा आधार घेता येईल. कोरियातील शिक्षाही फसवणूक आणि व्यवसायात अडथळा आणण्याच्या सर्वसाधारण तरतुदींखालीच झाली. प्रश्न पुराव्याचा आहे. कोरियातील लबाडी पकडली गेली, कारण वाहिनीने प्रत्येक स्पर्धकाची मते शेवटच्या अंकापर्यंत जाहीर केली होती. आपल्याकडे बहुतेक वेळा फक्त विजेत्याचे नाव जाहीर होते, त्यामुळे निर्माता लबाड आहे हे दाखवता येत नाही आणि तो प्रामाणिक असेल तर त्याला स्वतःलाही ते दाखवता येत नाही.