हिरवळ, अवर्षण आणि हुमणी

बंगळूरच्या इंदिरानगरातील घरांपुढील हिरवळींनी २०२४ साली तीन महिन्यांत हवामानाची दोन टोके अनुभवली. मार्चमध्ये पाणीटंचाईमुळे शहरात बागांना पिण्याचे पाणी घालण्यास बंदी झाली. उल्लंघनास ५,००० रुपये दंड होता. एप्रिलमध्ये शहरात पाऊस पडलाच नाही. पुढे २ जून रोजी एकाच दिवसात १११ मिलिमीटर पाऊस कोसळला.

अवर्षणात गवताची वाढ थांबते व पुष्कळशी मुळे मरतात. हरळी जमिनीखालील खोडांत साठविलेल्या अन्नावर तग धरते. उथळ मुळांचे, रुंद पानांचे कार्पेट गवत मात्र लवकर करपते.

पहिल्या मोठ्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे सायंकाळी जमिनीतून बाहेर पडतात, रात्री झाडांची पाने खातात आणि ओलसर मातीत अंडी घालतात. अंड्यांतून निघालेल्या अळ्या गवताची मुळे कुरतडतात. भरपूर मुळे असलेले गवत ही हानी सोसते. उन्हाळ्यातच मुळे गमावलेले गवत सोसू शकत नाही. पिवळे डाग ऐन पावसाळ्यात दिसतात, त्यामुळे दोष पावसाला दिला जातो.

म्हणून औषध फवारण्यापूर्वी डागाच्या कडेचे गवत उचलून पाहावे. ते चटईसारखे सहज सुटून आले आणि खाली वाकड्या, पांढुरक्या अळ्या आढळल्या, तर ती हुमणी होय. मुळे शाबूत पण पाने कुजलेली असल्यास बुरशी संभवते; तिच्यावर कीटकनाशक निरुपयोगी ठरते. पुढील उन्हाळ्यात गवत किंचित उंच राखावे आणि प्रक्रिया केलेले सांडपाणी रोज शिंपडण्याऐवजी काही दिवसांच्या अंतराने, पण खोलवर मुरेल असे द्यावे.