ताडोबाचं गेट आणि टाइपस्क्रिप्ट

समजा, चंद्रपूरच्या ताडोबासाठी सफारी बुकिंगचा फॉर्म रिअ‍ॅक्टमध्ये बनवताय. 'गेट' या प्रॉपला नुसतं स्ट्रिंग म्हटलं, तर एका फाइलीत 'मोहर्ली', दुसरीत 'मोहुर्ली' बिनबोभाट चालतं. घोळ कळतो तो पर्यटकाला रिकामी यादी दिसल्यावर! त्याऐवजी टाइपस्क्रिप्टमध्ये ठरावीक नावांचाच टाइप द्या: 'मोहर्ली' | 'कोलारा' | 'नवेगाव'... वेगळं काही लिहिलंत की एडिटर लगेच लाल रेघ ओढतो. मला तरी ही सोय फार आवडते.

पण भाबडेपणा नको. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये आणलेली ही भाषा ब्राउझरपर्यंत पोचते ती साधी जावास्क्रिप्ट होऊन. टाइप वाटेतच गळतात. सर्व्हरकडून काय येतंय, ते बघायला तिथे कोणी नसतं. सफारीच्या जिप्सीत पर्यटक सहाच, पण 'नंबर' या टाइपला ६०ही चालतात. ती तपासणी वेगळी लिहाच.