अंगठा गेला, सही आली, पुढे?

बँकेच्या लेखी खातेदार दोन प्रकारचे. सही करणारे आणि अंगठा उठवणारे. मी १९८४ साली बँकेत लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात आमच्या हेडक्लार्कांनी हा भेद मला समजावून सांगितला होता. सहीवाल्याला चेकबुक मिळते, अंगठेवाल्याला नाही. त्याने पैसे काढायला स्वतः यायचे, पासबुकावरच्या फोटोशी आपण त्याचा चेहरा ताडून पाहायचा, अंगठा आपल्या समोर घ्यायचा. आणि कागद कर्जाबिर्जाचा असला, तर तो त्याच्या भाषेत वाचून दाखवायचा, 'समजला' असे त्याच्या तोंडून ऐकायचे, तसा शेरा मारायचा आणि साक्षीदाराची सही घ्यायची. सगळा वेळखाऊ प्रकार! गर्दीच्या दिवशी एक अंगठा म्हणजे पाच सह्यांचे काम.

१९९१ साली माझी बदली रेवदंडा ते मुरुड या पट्ट्यातल्या एका किनारी शाखेत झाली. खातेदार म्हणजे कोळी, आगरी, नारळी-पोफळीच्या वाड्यांचे मालक आणि १९८२ च्या संपानंतर गिरणीची नोकरी गमावून गावी परतलेले चाकरमानी. अंगठे पुष्कळ. बायकांचे तर बहुतेक अंगठेच. पण ते दिवस साक्षरतेच्या वाऱ्याचे होते. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झाले होते, १९९० च्या फेब्रुवारीत केरळातला एर्नाकुलम जिल्हा संपूर्ण साक्षर म्हणून जाहीर झाला होता आणि त्या बातमीची झुळूक आमच्या किनाऱ्यापर्यंत आली होती. गावातले एक गुरुजी संध्याकाळी देवळाच्या ओसरीवर कंदील लावून बायकांना बाराखडी शिकवत.

त्या वर्गाला जाणारी एक मावशी आमची खातेदार होती. पाटी घेऊन गावोगाव मासळी विकायची. एके दिवशी काउंटरपाशी येऊन म्हणाली, "सायब, आता मी अंगठा नाय देनार. मना सही येते." तिने जीभ दातांत धरून, एकेक अक्षर कोरत आपले नाव लिहिले. मी तिच्या कार्डावरचा लाल शाईतला 'अंगठा' हा शब्द खोडला आणि नमुना सही घेतली. दुसऱ्या दिवशी तिने शाखेत पेढे वाटले. मलाही फार बरे वाटले. देशाच्या साक्षरतेत एकाची भर पडली आणि ती माझ्या टेबलावर पडली, असा थोडा अभिमानही वाटला. खोटे कशाला सांगू?

दोन वर्षांनी तिच्या पुतण्याने होडीच्या इंजिनासाठी कर्ज घेतले आणि मावशी जामीन राहिली. कागद मीच पुढे केले. बँकेतल्या रीतीप्रमाणे जिथे जिथे सही हवी तिथे पेन्सिलीने फुली मारून ठेवलेली. मावशीने फुली पाहून पाहून सह्या केल्या. बाहेर रांग होती. कागद मी वाचून दाखवला नाही. नियमाने तशी गरज नव्हती. ती आता सहीवाली होती ना!

पुढे मासळीचे दोन हंगाम वाईट गेले, पुतण्याचे हप्ते थकले, नोटिसा निघाल्या आणि शेवटी मावशीची मुदत ठेव कर्जापोटी वळती झाली. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली. तिला वाटले होते, आपण फक्त 'हा माझा पुतण्या' असे लिहून दिले. ती भांडली नाही. एवढेच म्हणाली, "सायब, अंगठा व्हता तवा तुमी वाचून दाखवीत व्हते. सही आली, न् वाचायचा बंद केला."

त्या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही.

शिक्षणाची राष्ट्रीय आकडेवारी वर्तमानपत्रात आली की मला हे वाक्य आठवते. आकडे खोटे असतात असे मी म्हणणार नाही. उभा जन्म आकड्यांवर पोट भरलेल्या माणसाने तसे म्हणू नये. १९५१ साली देशात साक्षरता १८ टक्क्यांच्या थोडी वर होती. १९९१ साली ती ५२ टक्के झाली, २००१ साली जवळजवळ ६५ आणि २०११ च्या जनगणनेत सुमारे ७३. लोकसंख्या वाढत असूनही निरक्षरांची प्रत्यक्ष संख्या घटली, असे १९९१ ते २००१ या दशकात पहिल्यांदाच घडले. आमचा रायगड जिल्हा २०११ साली ८३ टक्क्यांवर होता. पुरुष ८९, स्त्रिया सुमारे ७७. हे काही आपोआप झालेले नाही. त्यामागे हजारो गुरुजींचे कंदील आहेत.

पण जनगणनेत साक्षर कोणाला म्हणतात? सात वर्षांच्या वरच्या ज्या माणसाला कोणत्याही एका भाषेत समजून लिहिता आणि वाचता येते, तो साक्षर. व्याख्या उत्तम आहे. त्यातला 'समजून' हा शब्द तर फारच मोलाचा. मात्र गणक दारात येतो तेव्हा सहसा घरातल्या कर्त्याला विचारतो, आणि कर्ता सांगतो ते लिहितो. प्रत्येकापुढे कागद धरून 'वाच बघू' असे तो म्हणत बसत नाही, बसूही शकणार नाही. म्हणजे आमची मावशी १९९१ नंतरच्या प्रत्येक जनगणनेत साक्षरच गणली गेली असणार. आणि 'समजून' हा शब्द तिच्या बाबतीत कोणी तपासला नसणार. मी तरी कुठे तपासला होता?

शाळेच्या आकड्यांचेही असेच. शाळेत एक असतो पट आणि एक असते हजेरी. बँकेच्या भाषेत सांगायचे तर पट म्हणजे खतावणीतली शिल्लक आणि हजेरी म्हणजे तिजोरीतली रोकड. दोन्ही रोज जुळल्या पाहिजेत. न जुळल्या तर कॅशियरला घरी जाता येत नाही. शाळांच्या बाबतीत मात्र ही जुळवणी आपण किती वर्षे केलीच नव्हती!

ती एकदा झाली. वाचकांना आठवत असेल, नांदेड जिल्ह्यात बोगस पटाचे प्रकरण उघडकीला आल्यानंतर ३ ते ५ ऑक्टोबर २०११ असे तीन दिवस महाराष्ट्रभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. तेच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावण्यात आली. राज्यभरात पटावरची सुमारे वीस लाख मुले वर्गात आढळली नाहीत. काही त्या दिवशी खरोखरच गैरहजर असतील, पण पुष्कळ मुले फक्त कागदावरच होती. कारण पटावर शिक्षकांची पदे ठरतात, अनुदान ठरते. प्रकरण पुढे उच्च न्यायालयापर्यंत गेले.

आता हिशेब अधिक नेटका झाला आहे. केंद्र सरकारची शाळांची माहिती गोळा करणारी 'यूडायस' नावाची पद्धत आहे. तिच्यात २०२२-२३ पासून नुसती शाळावार बेरीज न घेता प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद घेतात. म्हणजे गोळाबेरजेऐवजी प्रत्येकाचे स्वतंत्र खाते. लगेच फरक दिसला. २०२१-२२ मध्ये देशभरचा पट साडेसव्वीस कोटी होता, तो २०२२-२३ मध्ये २५.१७ कोटी झाला. पुढे २०२३-२४ मध्ये २४.८० आणि २०२४-२५ मध्ये २४.६९ कोटी. मोजण्याची रीत बदलल्याने जुने आणि नवे आकडे सरळ ताडून पाहता येत नाहीत, आणि जन्मदर उतरल्याने मुलेही कमी होत आहेत. पण दुहेरी नावे गळाली हाही त्यातला एक भाग आहे. मला ही घट वाईट वाटत नाही. फुगलेल्या शिल्लकेपेक्षा खरी शिल्लक बरी.

तरीही एक गोष्ट उरतेच. तारीख. बँकेत ३१ मार्चची रात्र ज्यांनी काढली आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. त्या रात्री शाखेच्या ठेवी फुगलेल्या असतात आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ओसरतात. ताळेबंद खोटा नसतो. तो फक्त त्या रात्रीपुरता खरा असतो. शाळांच्या या मोजणीची संदर्भ तारीख वर्षानुवर्षे ३० सप्टेंबर होती. पटपडताळणीही ऑक्टोबरच्या आरंभी झाली. आणि आमच्या रायगडात पेण, अलिबाग, रोहा, सुधागड या तालुक्यांतल्या वाड्यांवर राहणारा कातकरी समाज बाहेर पडतो तो दिवाळीनंतर! वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर. बायकामुलांसह, बिऱ्हाड डोक्यावर घेऊन. परततो तो पावसाच्या तोंडावर. सप्टेंबरात वाडीवरच्या शाळेत बसलेले मूल जानेवारीत भट्टीवर धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन उभे असते. भरतीला समुद्र मोजावा आणि ओहोटीला घरी जावे, तसा हा प्रकार.

यावर काहीच झाले नाही असे नाही. ठाणे जिल्ह्यात विधायक संसदेने भट्ट्यांवरच्या मुलांसाठी भोंगाशाळा काढल्या. स्थलांतरित मूल जिथे जाईल तिथल्या शाळेने त्याला घ्यावे म्हणून शिक्षण हमी कार्डाची सोय झाली. १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क कायद्यानेच दिला. पण हक्क एका जागी आणि मूल दुसऱ्या जागी, ही चुकामूक अजून संपलेली नाही.

मग खरे चित्र कळायचे कसे? याचे उत्तर आमच्याच जिल्ह्यातल्या एका थोर माणसाच्या आयुष्यात सापडते. चिंतामणराव देशमुख महाडजवळच्या नाते गावचे. १८९६ चा जन्म. १९१२ साली मॅट्रिकला मुंबई इलाख्यात पहिले आले, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, नंतर अर्थमंत्री, आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. बँक आणि शिक्षण यांना जोडणारा तिसरा धागा लोकांना फारसा ठाऊक नसतो. भारतीय सांख्यिकी संस्थेचे ते अनेक वर्षे अध्यक्ष होते. ते अर्थमंत्री झाले त्याच १९५० साली, प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. या पाहणीची रीत साधी. कार्यालयातल्या कागदांना विचारू नका, घराला विचारा. शाळेला विचारले तर ती सांगते, 'मुलाचे नाव पटावर आहे.' घरात विचारले तर आई सांगते, 'शाळेत जातो' किंवा 'आता नाही जात.' २०१७-१८ मध्ये शिक्षणाविषयी अशी मोठी पाहणी झाली तीही घरोघर जाऊन.

त्याच्याही पुढचे पाऊल 'प्रथम' या संस्थेने २००५ साली टाकले. त्यांचे स्वयंसेवक खेड्यापाड्यांतल्या घरी जातात आणि मुलाच्या हातात एक कागद देतात. आधी अक्षरे, मग शब्द, मग सोपा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. 'वाच बाळा.' बस, एवढेच. 'असर' नावाने हा अहवाल प्रसिद्ध होतो. २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात पाचवीतल्या शंभर मुलांपैकी सुमारे ४९ मुलांना ती दुसरीची गोष्ट वाचता आली. कोविडनंतर २०२२ मध्ये हा आकडा ४३ च्या आसपास घसरला होता, तो सावरला. पण निम्म्याहून अधिक मुले अजून त्या गोष्टीच्या अलीकडेच उभी आहेत. ती सगळी पटावर आहेत. पुष्कळशी हजेरीतही आहेत. आणि आपले नाव बहुधा त्या सगळ्यांना लिहिता येते.

म्हणजे मावशीचीच गोष्ट. सही आली.

ठेव गेल्यानंतर मावशी बँकेत एकटी कधी आली नाही. चौथीतल्या नातीला बरोबर आणायची. पैसे काढायची साधी स्लिप असली तरी काउंटरवर ठेवून म्हणायची, "वाच." मुलगी अडखळत वाचायची. 'शिल्लक' जमायचे, 'अक्षरी रुपये' जमायचे, 'उपरोक्त' आले की गाडी थांबायची. मग आजी माझ्याकडे बघायची आणि मी अर्थ सांगायचो. रांगेतली माणसे चुळबुळ करायची, पण मावशी जागची हलायची नाही. माझी बदली होईपर्यंत हे चालले. तेवढ्या काळात मीही एक नियम स्वतःपुरता केला होता, तो निवृत्त होईपर्यंत पाळला. सही असो वा अंगठा, जामिनाचा कागद वाचून दाखवल्याशिवाय पुढे सरकवायचा नाही. रांग वाढली तर वाढू दे.

२०२१ ची जनगणना लांबत लांबत गेली. आता ती २०२७ साठी जाहीर झाली आहे. साक्षरतेचा नवा आकडा येईल, तो आधीच्यापेक्षा मोठा असेल आणि आपण पाठ थोपटून घेऊ. घ्यावीच. पण तोवर एक काम आपल्यापैकी प्रत्येकाला घरबसल्या करता येण्याजोगे आहे. आपल्या घरातले, शेजारचे, किंवा आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईंचे चौथी-पाचवीतले मूल जवळ बसवावे. याच पुरवणीतला एखादा परिच्छेद त्याच्यापुढे ठेवावा. मार्कांचे विचारू नये, शाळेचे नाव विचारू नये. वाचून झाल्यावर फक्त विचारावे, "काय कळले, ते तुझ्या शब्दांत सांग." अडले तर रागावू नये, दुसऱ्या रविवारी पुन्हा बसवावे.

आणि कोणाची सही घ्यायची वेळ आली, तर कागद आधी वाचून दाखवावा.